घड्याळाच्या बागेतला पाचचा वाफा

वन्सं, इसूला मी ठेवून घेतलं. तुम्हाला पटणार नाही हे ठाऊक असून ठेवून घेतलं. ऊसतोडीच्या टोळीची गाडी कोपरगावकडच्या फडांवर निघून गेली, तीत तिचे आईबाप गेले, धाकटा भाऊ गेला, आणि ही पोरगी तेव्हापासून आपल्या ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसली आहे. भाकरी वाढली तर खाते, शाळेची वेळ झाली की दप्तर उचलते. बोलते ती फक्त शेरडांशी. माझ्याशी शब्द नाही.

होय, शेरडं. आपल्या दारात दोन शेरडं बांधलेली आहेत. लगेच काठी शोधू नका, सांगते सगळं.

तुम्ही गेल्यावर लोक येऊन बसले. कुणी तुमची नोकरी मोजली, कुणी बदल्या मोजल्या, कुणी तुमच्या हातची छडी आठवून डोळे पुसले. मी चहा देत राहिले. माझ्या मनात एकच चाललेलं, की आपलं भांडण अर्धवट राहिलं. आदल्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर तुम्ही म्हणाला होतात, "उद्या बोलू, वहिनी, आज तुमचा आवाज चढलाय." सकाळी मी आवाज उतरवून चहा घेऊन आले, तर तुम्ही उठलाच नाहीत. आता समोरून उत्तर येणार नाही म्हणजे मी जिंकणार, असं मला दोनेक दिवस वाटलं. तसं काही झालेलं नाही.

तुमच्यापुढे बागेच्या गोष्टीत जिंकणं मला तसं कधी जमलंच नाही. खर्ड्याजवळच्या या गावात लग्न होऊन आलेली ती नगरची पोरगी आठवते का? कॉलेजात एक वर्ष बॉटनी शिकलेली. ते एक वर्ष ती गळ्यातल्या मंगळसूत्रापेक्षा जास्त मिरवायची. येईल जाईल त्याला पानं दाखवून लॅटिन नावं सांगायची, त्यातली निम्मी तिथल्या तिथे बनवलेली. पहिल्या हळदीकुंकवाला तिला ओढ्याकाठी बारीक पांढऱ्या फुलांचं रान दिसलं. किती नाजूक, म्हणाली, आणि दोन कवळे भरून आणून सासूबाईंच्या पितळी तांब्यांत रचलं. ते गाजरगवत होतं. बायका वाण हातात घेण्याआधीच शिंकायला लागल्या. सासूबाईंच्या कोपरापर्यंत पुरळ उठलं. तुम्ही सुट्टीला घरी आलेल्या, दारात उभं राहून सगळं बघितलंत आणि विचारलंत, "वहिनी, हे बॉटनीत पहिल्या वर्षाला असतं की दुसऱ्या?" त्या सुनेला त्या दिवशी विहीर जवळ करावीशी वाटली होती. आज ती भेटली तर मीच तिला एक तांब्या गाजरगवत भेट देईन.

पण तुम्ही निवृत्त होऊन माहेरी आलात, तुमच्या भावाच्या माघारी घरात आपण दोघीच उरलो, आणि शाळेमागची पडीक जागा तुम्ही पोरांसाठी मागून घेतलीत, तेव्हा सोबतीला मलाच घेतलंत. म्हणालात, "चुका कशा करायच्या ते पोरांना दाखवायला एक माणूस लागतंच."

दर वर्षी नवी बाग आणि नवी कल्पना, आणि ती पोरांनीच काढायची. एका वर्षी भेळेची बाग केली. कांदा, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो, आणि दोघांनी गुपचूप कुरमुरे पेरले. तुम्ही त्यांना अडवलं नाहीत. आठवडाभर ती दोघं वाफ्यापाशी बसून होती, मग स्वतःच उठून म्हणाली, "बाई, कुरमुरं येत न्हाईत, भाजलेलं हायेत ती." तो धडा त्यांच्या जन्मात पुसायचा नाही. एका वर्षी नाकाची बाग केली. गवती चहा, सब्जा, ओवा, पुदिना, डोळे मिटून चालायचं आणि कुठं आलो ते सांगायचं. मी डोळे मिटून थेट शेणखताच्या ढिगात गेले आणि पोरांना म्हटलं, इथं मोगरा आहे.

तुमची आखणीची पद्धत मला पहिल्यांदा वेळकाढूपणा वाटायची. कागद नाही. "कागदावर सगळ्यांचीच बाग छान दिसते," म्हणायचात. घराघरातून चुलीची राख आणायची, जमिनीवर खऱ्या मापानं रेघा ओढायच्या, मग पोरांनी त्यात उभं राहायचं, वाकायचं, रिकामी कळशी घेऊन पाणी घातल्यासारखं करायचं. एकाचा पाय दुसऱ्याच्या वाफ्यात पडला की रेघ पुसायची आणि पुन्हा काढायची. कधी कधी पंधरा दिवस नुसती राखच. मी कंटाळून म्हणायचे, आता उकिरडाच झाला, तो तरी लावा. पण एकदा झाडं लागली की मग कुणाचा पाय कुणाच्या झाडावर पडायचा नाही.

यंदा पोरांनी घड्याळ मागितलं. जे फूल ज्या वेळी उघडतं ते त्या आकड्यावर. त्यासाठी सगळं गाव आधी धुंडाळलं. सकाळी सकाळी दार वाजायचं, "बाई, आमच्या भोपळ्याचं फूल कोंबड्याच्या आधी उठतंय." सहाला भोपळा बसला. सातला जास्वंद, दहाला ती लाल-पिवळी दहाची फुलं, बाराला दुपारीची तांबडी फुलं. तीनला काही सापडेना. सगळे हिंडून हिंडून दमले तेव्हा एक जण म्हणाला, "तीनला कायच उघडत न्हाई, बाई. तीनला आमची आजी घोरती." तुम्ही हसला नाहीत. तीनच्या जागी एक सपाट दगड मांडलात आणि म्हणालात, ही निजायची जागा. मी तिथं निजूनही पाहिलं, दगड पाठीला चांगला आहे. आणि पाचला गुलबक्षी. तो वाफा तुम्ही इसूला दिलात.

आपलं भांडण तिथं सुरू झालं.

कारण मला तुमची रीत कळली होती. आपल्या शाळेतली निम्मी पोरं दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जातात. आईबाप कोयता घेऊन फडात, आणि पोरं पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडांना धरून. तुम्ही बाग आखतानाच त्यांचे वाफे वेगळे धरायचात. जाणाऱ्या पोरांना अशी झाडं द्यायची की जी कुणी बघितलं नाही तरी टिकतील. शेवगा, कढीपत्ता, हळद. गुलबक्षीला जमिनीत कांद्यासारखा गड्डा असतो, वरचं सगळं वाळलं तरी खाली जीव राहतो, म्हणून इसूला गुलबक्षी. पोर परत येईल तेव्हा झाड तिथंच असेल.

मी म्हटलं, "वन्सं, म्हणजे तुम्ही ती जाणार हे आषाढातच धरून चाललात. तिला दहाची फुलं द्या. दोडका द्या. रोज पाणी मागणारं, एक दिवस नाही बघितलं तर मान टाकणारं द्या. तिच्या आईला दिसू दे की पोरीवाचून इथं काहीतरी मरतंय."

तुम्ही म्हणालात, "आणि पोरीला काय दिसेल? ती गाडीत बसेल आणि वाटभर झाड मेलं म्हणून रडेल. बागेनं पोराला अडवायचं नसतं, वहिनी. त्याच्या डोक्यावर आधीच धाकटं भावंड आहे, त्यात आपलं ओझं कशाला?"

आषाढापासून भाद्रपदापर्यंत आपण हेच बोलत होतो. कधी चुलीपुढं, कधी वाफ्यात वाकून, कधी बोलणं सोडून. त्या शेवटच्या संध्याकाळी मी ते वाक्य बोलले. शाळेच्या भिंतीलगत तुमचं कढीपत्त्याचं झाड आहे ना, आमटीची बाग केली त्या वर्षीचं. तुम्ही ते मंगलला दिलं होतं, इसूच्या आईला, ती स्वतः पाचवीत असताना. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "कढीपत्ता राहिला वाट बघत. मंगल कुठं आली परत वर्गात?"

तुम्ही पदरानं चष्मा पुसलात आणि म्हणालात, उद्या बोलू.

ते वाक्य मी मागे घेत नाही. घ्यायचं असतं तर तुम्ही होतात तेव्हा घेतलं असतं.

घटस्थापनेनंतर मी मंगलच्या घरी गेले. दारात पत्र्याची पेटी उघडी होती, भांडी एकात एक बसवलेली, ज्वारीचं पोतं शिवून ठेवलेलं. इसू भावाला कडेवर घेऊन खांबाला टेकलेली. तिची आजी, पारूबाई, ओट्यावर शेरडांना पाला घालत होती. मी बसायच्या आधीच मंगलनं ओळखलं.

"काकू, बागेचं बोलायला आला असाल तर नगं. माझं डोकं ठिकान्यावर न्हाई."

"बागेचं नाही. इसूचं."

"त्ये एकच की. बाईंनी तिला बी झाड दिलं. मला बी दिल्तं."

"कढीपत्ता," मी म्हटलं.

"त्या झाडाची पानं मी अजून तोंडात घातली न्हाईत," मंगल म्हणाली. तिनं हातातली ताटली पेटीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "दर साली गाडी भरायला लागली की बाई यायच्या. म्हनायच्या, मंगल, जा, तुजं झाड हितंच हाय, म्या बगते. लई मायेनं म्हनायच्या. पन काकू, एकदा बी थांब म्हनल्या न्हाईत."

मी उंबऱ्याशी बसले.

"म्हनल्या असत्या तर मी थांबले असते असं न्हाई. बापानं ठिवलं नसतंच. पन कुनीतरी म्हनायला पायजे हुतं."

वन्सं, तिथं मी जिंकले. ज्या गोष्टीसाठी तुमच्याशी तीन महिने तोंड वाजवलं तीच तिनं माझ्या ओंजळीत टाकली. आणि मला काय वाटलं म्हणाल तर तिथून उठून यावं आणि हे तुम्हाला कधीच कळू देऊ नये, असं वाटलं. तरी लिहिते आहे. तुमच्यापासून लपवायची सवय मला नाही, आणि तुम्हीही असतात तर खोडून पुन्हा आखायला बसला असतात.

मग मी म्हटलं, "तर मी म्हणते. इसूला ठेव. माझ्याकडे राहील, शाळा करील."

"आन बाळ्या? मी फडात, ह्यो खोपीत, त्याला इंचू चावला तर कोन बगनार?"

भलतंच खरं बोलणं होतं ते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी नजर ओट्यावर गेली. पारूबाईंनी लगेच पाठ फिरवली.

"माझ्याकडं काय बगता? मी न्हाई जानार. माजी शेरडं हायेत."

"शेरडं मी सांभाळते."

"तुमी?" त्या पहिल्यांदा हसल्या. "तुमच्या वन्सं शेरडाचं कान दिसलं तरी काठी घिऊन भाईर पडायच्या."

"वन्सं आता नाहीत," मी म्हटलं.

तुम्ही गेल्यापासून हे वाक्य मी तोंडानं उच्चारलं नव्हतं. लोकांनी माझ्यासाठी उच्चारलं, मी मान हलवली होती. पहिल्यांदा उच्चारलं ते दोन शेरडांचा सौदा करायला. तुम्ही नसण्याचा फायदा घ्यायला मला महिनाही लागला नाही. पारूबाई पुन्हा शेरडांना पाला घालू लागल्या. हो नाही, की नाही नाही. मंगलही नाही. इसूला कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. ते मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

गाडी सकाळी मारुतीच्या देवळापाशी लागली. पेट्या, पोती, कोंबड्यांची डालगी, सगळं वर चढलं. मुकादम सारखा हॉर्न वाजवायला लावत होता. मंगल वर बसलेली, शेजारी इसू, इसूच्या मांडीवर बाळ्या. मी खाली उभी. मंगल माझ्याकडे बघत नव्हती. मला कळलं, म्हातारी येणार नाही. शेरडांपुढे माझं काय चालणार. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, पोरांनी कठड्याला धरलं. मी विचार करत होते की तुम्ही अशा वेळी कुठं उभ्या राहायचात. बहुतेक त्या पोराला दिसेल अशा जागी. मी दोन पावलं पुढे सरकले.

तेवढ्यात पारूबाई गल्लीतून आल्या. डोक्यावर गाठोडं, दोन्ही हातांत दोन दोर, मागं दोन शेरडं उलटी ओढत. दोर माझ्या हातात कोंबले. "काळीला बाभळीचा पाला लागतो. दुसरी काय बी खाती," म्हणाल्या, आणि दोन माणसांच्या हाताला धरून वर चढल्या. वर जाऊन त्यांनी आधी बाळ्याला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

मंगलनं इसूला खाली उतरवलं. उतरवलं म्हणजे काय, सोडवलं. पोरीनं आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता, तो एक एक बोट करून सोडवावा लागला. ती ओरडली नाही. गाडी हलली तेव्हा मंगल मागे वाकून काहीतरी म्हणाली, इंजिनात ते गेलं. धूळ खाली बसली तेव्हा इसूनं माझ्याकडे पाहिलं. वन्सं, एवढ्या वर्षांत तुमची छडी खाल्लेल्या पोरानंही तुमच्याकडे तसं पाहिलं नसेल.

तिचं एकच वाक्य, ते तेव्हाचं. "मला कुनी इचारलं?"

मग मी तुम्हाला काय सांगू, की मी बरोबर होते? पोरगी इथं आहे, वर्गात बसते, खोपीत पोर सांभाळत नाही. आणि पाचच्या वाफ्याकडे ती फिरकलेली नाही. बाकीच्या मुलांनी परवा हाका मारल्या, गेली नाही. तुम्ही म्हणाला होतात, बागेनं पोराला अडवायचं नसतं. बागेनं नाही अडवलं, मी अडवलं, पण तिच्या लेखी दोन्ही एकच आहे. मला दामटून बोलायची सवय. तुम्ही असतात तर मला ओसरीवर येऊच दिलं नसतंत. "वहिनी, तुम्ही आत बसा, तुमचं तोंड आत ठेवा." तुमच्या त्या एका गुणासाठी मी आत्ता काहीही देईन. गप्प बसणं तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत, स्वतः बसून दाखवत राहिलात, आणि मला वाटायचं की तुम्हाला उत्तर सुचत नाही.

म्हणून सध्या आतच बसते. हे लिहिते आहे तेही आतच, खिडकीशी.

फोन वाजला, उठले होते. मंगलचा. पलीकडे भांड्यांचा आवाज, बाळ्या रडतोय, पारूबाई कुणाला तरी रागवताहेत. मी फोन न बोलता इसूच्या मांडीवर ठेवला. ती बराच वेळ नुसतं हूं हूं करत होती. मग मंगलनं काहीतरी विचारलं असणार, कारण इसू म्हणाली, "व्हय, उघडली." थोडं थांबून, "गुलाबी." फोन ठेवला. तशीच बसून राहिली. मग उठली आणि शाळेच्या बाजूला चालत गेली, आधी हळू, मग जरा भरभर. आईला सांगितलेलं खरं आहे का ते तिला बघायचं होतं.

मी मागे गेले नाही, वन्सं. खिडकीचा गज धरून उभी राहिले.

ती परत आली ती काळीचा दोर धरून, जिला म्हणे बाभळीचाच पाला लागतो. शेरडू कधी सुटलं होतं मला पत्ता नाही. तोंडाला हिरवं लागलेलं. इसूचा चेहरा रागानं फुललेला. सरळ माझ्या खिडकीपुढं येऊन उभी राहिली.

"आजी, ह्यानी समदं पाच खाल्लं."

"सगळं?"

"बुडापातूर. तुमी दोरं असं बांधता व्हय? ह्याला काय गाठ म्हनत्यात?"

मी म्हटलं, मला गाठ मारता येत नाही. खरं तर येते. ती रागानं माझ्याकडे बघत होती, मग शेरडाकडे, मग खाली.

"परत फुटतंय का त्ये?"

"फुटेल. खाली गड्डा आहे. बाईंनी मुद्दाम तेच लावलं होतं."

"कवा?"

"नुसतं ठेवलं तर पुढच्या पावसाला. पाणी घातलं तर लवकर."

तिनं शेरडाला खुंट्याशी नेलं, दोराला दोन वेढे घातले, गाठ ओढून बघितली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. मला दाखवायला बांधली, हे मला कळलं. मग मोरीतली कळशी घेतली आणि जाता जाता म्हणाली, "शाळेपातूर ही जड हाय. तुमी बी एक घ्या."